रविवारी परीकथा-लेखन : मुलांची नावं कळवा

सभासदहो, येत्या रविवारी सकाळी १० ते १२ या वेळेत, नेहमीच्या वाचन खोलीत ७ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी परीकथांवर आधारित लेखन घेणार आहोत.

फ्रेंच लेखक शार्ल पेरोच्या १६९७ मधल्या कथेत लांडगा रेड रायडिंग हूडला, म्हणजे लाल टोपीवाल्या मुलीला, खातो आणि गोष्ट तिथेच संपते. जर्मन लोककथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंनी १८१२ मध्ये शिकारी आणून तिला पोटातून जिवंत बाहेर काढलं! शेवट बदलता येतो, हे मुलांना आधी दाखवू. मग त्यांनी लांडग्याची बाजू मांडावी, नाहीतर सिंड्रेलाच्या मागे राहिलेल्या बुटाचं मनोगत लिहावं.

- वही-पेन्सिल आणावी. खोडरबर नको, चुकलेल्या ओळीवर नुसती रेघ मारायची.
- पालकांनी वाक्यं सुचवू नयेत, ही कळकळीची विनंती.
- नावं शुक्रवारपर्यंत इथेच कळवा.