गोळ्या जवळून घ्याव्यात की लांबून?

महोदय,

आमच्याकडे तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गेलं की ओळखीचं कुणी ना कुणी भेटतंच. केसपेपर काढणारा भावकीतला, रांगेत पुढे शेजारच्या वाडीतली काकी. म्हणून एचआयव्हीसह जगणारे काही जण औषधासाठी थेट मुंबई नाहीतर कोल्हापूर गाठतात. माझ्या नात्यातली एक बाई गोळ्यांच्या डबीवरचं लेबल नखाने खरवडते, मगच ती पिशवीत टाकते. तिची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण जुलैत दरड कोसळून घाट बंद झाला की गोळ्या संपतात, आणि या उपचारात खाडा परवडत नाही. विषाणू औषधाला दाद देईनासा होऊ शकतो.

सरकारी एआरटी केंद्रांत, म्हणजे एचआयव्हीवरच्या औषधोपचाराच्या केंद्रांत, ही औषधं २००४ पासून मोफत मिळतात. बहुतेकांना दिवसाला एकच गोळी पुरते. तब्येत स्थिर असेल तर ती घराजवळच्या लिंक एआरटी केंद्रातूनही (मुख्य केंद्राला जोडलेल्या छोट्या केंद्रातूनही) घेता येते. गावी कायमचा परतलेला चाकरमानी आपली नोंद रीतसर इकडे बदलून घेऊ शकतो. कुठे जावं हे ठरत नसेल तर १०९७ या टोल-फ्री क्रमांकावर विचारावं. रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचं बंधन २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानेच घातलं आहे.

केंद्रांनीही बंद दाराआड समुपदेशन करावं, नाव पुकारण्याऐवजी टोकन द्यावं आणि पावसाळ्याआधी जास्तीच्या गोळ्या हाती द्याव्यात, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, राजापूर