दावा मिटला, 'सिबिल'वर मात्र चालूच

महोदय,

ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात राष्ट्रीय लोकअदालत भरली की बँकांच्या थकबाकीची प्रकरणे तडजोडीने मिटतात. चांगलीच गोष्ट आहे. तारखांचा फेरा संपतो, भरलेली कोर्ट फी परत मिळते, निवाड्याला हुकूमनाम्याचे बळ असते. पण मिटलेल्या दाव्याची नोंद सिबिल रिपोर्टमधून, म्हणजे आपल्या कर्जफेडीचा इतिहास दाखवणाऱ्या अहवालातून, काढायची कोणी, हे तिथे कोणी सांगत नाही.

माझ्या मेहुण्यांचे वागळे इस्टेटमध्ये लेथचे छोटे वर्कशॉप आहे. टाळेबंदीत कामे थांबली, मशिनच्या कर्जाचे हप्ते थकले, बँकेने दावा लावला. लोकअदालतीत ठरलेली रक्कम त्यांनी भरली, बँकेकडून नो ड्यूजही (बाकी नसल्याचा दाखला) घेतले. पुढे त्यांना जामीन राहिलेली माझी धाकटी बहीण कासारवडवलीतल्या घरासाठी कर्ज मागायला गेली, तर तिच्या रिपोर्टवर त्या कर्जापुढे 'सूट फाइल्ड' (दावा दाखल) आणि थकबाकीच्या रकान्यात जुनाच आकडा! कर्ज नामंजूर झाले, बिल्डरकडे भरलेले बुकिंगचे पैसे अडकले.

सिबिल असो वा कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या इतर तीन कंपन्या, कोर्टात जाऊन निकाल कोणी पाहत नाही. बँक कळवते तेच रिपोर्टमध्ये येते. दावा लावल्याचे बँक तत्परतेने कळवते, मिटल्याचे कळवायला मात्र ग्राहकाने मागे लागावे लागते. तडजोडीत सूट घेतली असेल तर 'सेटल्ड' हा शेरा राहणारच. ते खरे आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण मिटलेला दावा चालू दाखवणे हा सरळ अन्याय आहे, आणि जामीनदारावर तर दुप्पट.

चुकीच्या नोंदीची तक्रार ३० दिवसांत न सुटल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. पण तक्रार केली तरच. ज्याला नोंदच माहीत नाही तो तक्रार काय करणार?

म्हणून लोकअदालत भरवणाऱ्या ठाणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळकळीची विनंती: पैसे भरल्यापासून ३० दिवसांत बँक कर्जदार आणि जामीनदार दोघांच्याही नोंदी चारही कंपन्यांकडे दुरुस्त करील, ही अट बँकांच्या प्रत्येक तडजोड पुरसिसमध्ये (तडजोडीच्या लेखी निवेदनात) छापीलच असावी. तोवर पक्षकारांनी सही करण्याआधी ती लिहून घ्यावी. चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. पैसे भरल्यावर दीड-दोन महिन्यांनी तो काढून पाहावा, जामीनदारालाही काढायला सांगावे.

– एक वाचक, पाचपाखाडी, ठाणे