बरणी परत मिळाली, उत्तर नाही

मा. मंत्रिमहोदय,

स.न.वि.वि.

गेल्या मंगळवारी तुमच्या कार्यालयातून माझी बरणी परत मिळाली, त्याबद्दल आभार. लोणच्याची काचेची बरणी, झाकणावर माझ्या बायकोच्या अक्षरात ‘लिंबू, तिखट’. गेल्या वर्षी नारळी पौर्णिमेला तुम्ही आमच्या कोळीवाड्यात आलात, तेव्हा मी ती तुमच्या हातात दिली होती. आत आमच्या किनाऱ्यावरचं काळं लोणी होतं, समुद्राच्या पाण्यात घुसळलं गेलेलं तेल. परवा तिच्यात दोन बॉलपेनं, स्टेपलरच्या पिना आणि अर्धी सुपारी होती. आतल्या मालाचं विचारलं तर शिपाई म्हणाला, “काका, वास मारत होतं, बेसिनमध्ये ओतलं.” म्हणजे आमचं तेल तुमच्या गटारातून पुन्हा दर्यालाच गेलं.

त्या दिवशी माइकवरून तुम्ही म्हणाला होतात, “काका, दोन महिन्यांत चाचणी लावतो.” टाळ्या पडल्या. सोनेरी कागदातला नारळ पाण्यात गेला, तुमची गाडी गेली. तेरा महिने झाले.

मागणी काय होती, ते तुम्हाला आठवत नसणार, म्हणून परत सांगतो: समुद्रात सांडलेल्या तेलातलं पाणी रेडिओलहरींनी वेगळं करायची माझी पद्धत सरकारने एकदा तपासून पाहावी. मी बावीस वर्षं जहाजांवर रेडिओ ऑफिसर होतो. १९९९ च्या फेब्रुवारीत जहाजांच्या संदेशांसाठी उपग्रहाची व्यवस्था पूर्ण लागू झाली, कट्ट-कडकट्ट करून संदेश पाठवायची मोर्सची किल्ली पेटीत गेली आणि मी घरी आलो. पण रेडिओचं वेड जात नाही. २००७ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या ईरी गावच्या जॉन कांझियस या माणसाची बातमी आली. हाही रेडिओवालाच. स्वतःला रक्ताचा कर्करोग झाल्यावर रेडिओलहरींनी गाठी जाळायचं यंत्र त्याने घरी बनवलं. त्या यंत्रासमोर १३.५६ मेगाहर्ट्झवर ठेवलेल्या नळीतलं खारं पाणी पेटलं. पेन स्टेट विद्यापीठाचे रुस्तुम रॉय यांनी, म्हणजे आपल्या रांचीत जन्मलेल्या माणसाने, ते प्रयोगशाळेत करून पाहिलं आणि खरं असल्याचं सांगितलं. लोक लगेच समुद्राच्या पाण्यावर गाड्या चालवायला निघाले. ते खोटं. जितकी वीज घालाल त्याहून कमीच बाहेर येते. कांझियस २००९ मध्ये गेला, रॉय २०१० मध्ये, आणि बातमीही गेली.

मला पाणी पेटवायचं नाही. माझं म्हणणं साधं आहे. तेल समुद्रात सांडलं की लाटांनी घुसळून ते पाणी पितं, फुगतं, एका टनाचे तीन-चार टन होतात. ते पंपाने ओढवत नाही, जाळू म्हटलं तर जळत नाही. रेडिओलहर तेलातून जवळजवळ आरपार जाते, पण त्यातल्या खाऱ्या पाण्याच्या थेंबांत शोषली जाते. थेंब आतून तापतात, भोवतीचं तेल पातळ होतं, थेंब एकमेकांत मिसळतात आणि खाली बसतात. घराच्या माळ्यावर, पत्र्याच्या बंद पेटीत, शंभर वॅटवर मी हे केलं. संध्याकाळपर्यंत बरणीत दोन थर दिसले, खाली पाणी, वर तेल.

तुमच्या साहेबांपैकी एकाने हसून विचारलं, “मग आख्ख्या अरबी समुद्रावर अँटेना लावायच्या का?” नाही साहेब. या लहरीचा जोर उघड्या समुद्राच्या पाण्यात सातेक सेंटिमीटरमध्येच एक-तृतीयांशावर येतो, म्हणून तर पाणबुडीशी शॉर्टवेव्हवर बोलता येत नाही. किनाऱ्यावरून खरवडून आणलेला माल टाकीत घालून करायचं हे काम आहे. गॅसवर तापवलं तरी पाणी सुटतं, हेही मला माहीत आहे. त्याहून हे स्वस्त पडतं की महाग, तेवढंच मोजायचं आहे. दोनशे लिटरची एक टाकी, एक रसायनशास्त्राचा माणूस, एक वीजमीटर. तुमच्या त्या दिवशीच्या मांडवाचा खर्च याहून जास्त झाला असेल.

यावर आलेलं लेखी उत्तर मी फ्रेम करून लावणार आहे: ‘सदर पद्धती अपारंपरिक असून तिची चाचणी झाल्याचा पुरावा जोडलेला नसल्याने चाचणीच्या विनंतीचा विचार करता येत नाही.’ हे ज्यांनी लिहिलं त्यांना बढती द्या.

आता घरचं. यंदा १ ऑगस्टला पावसाळी मासेमारीची बंदी उठली. धाकट्या भावाने कर्ज काढून नवं डोल जाळं घेतलं होतं. तिसऱ्या फेरीला जाळं वर आलं ते डांबराने माखलेलं, बोंबील आत काळेठिक्कर, जवळ्याला रॉकेलचा वास. व्यापाऱ्याने पाटी नाकाशी नेली आणि बाजूला सारली. भावजय तीन दिवस डिझेलच्या फडक्याने जाळ्याचा एकेक डोळा पुसत बसली होती. तिच्या बोटांची कातडी अजून सोलते आहे, भाकरी थापताना पिठाला रक्त लागतं. जाळ्याचे ऐंशी हजार धरा, लाख धरा, डिझेलचे वेगळे. आमच्या बंदरात साठ तरी होड्या आहेत, गुणाकार तुमचा पी.ए. करील. पंचनाम्याला आलेल्यांनी विचारलं, “डांबर कुठल्या जहाजाचं ते सांगा.” जणू डांबरावर नंबरप्लेट असते. शोधायची यंत्रं सरकारकडे आणि शोधायचं माझ्या भावजयीने!

आणि जहाज सापडलं तरी काय? ७ ऑगस्ट २०१० ला मुंबईच्या तोंडाशी एमएससी चित्रा कलंडली. शेकडो टन तेल गेलं, आठशे म्हणतात, कंटेनर तरंगले, मुंबईकरांनी मासे सोडले. आम्ही काय सोडायचं होतं? पुढच्याच ऑगस्टला कोळसा भरलेलं आरएके कॅरिअर मुंबईसमोर बुडालं. दोघांवर झेंडा पनामाचा. पनामाने आमचा बोंबील कधी खाल्लाय? २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने आरएके कॅरिअरच्या प्रकरणात जहाजमालकाला १०० कोटी भरायला सांगितलं. आमच्या बंदरात त्यातला रुपया कुणी पाहिलेला नाही. तेल दिसलं की वरून रसायनाचा फवारा मारायचा, तवंग फुटून पाण्यात विरतो, कॅमेऱ्याला समुद्र निळा दिसतो, फाइल बंद. विरलेलं तेल जातं कुठे, ते आमच्या जवळ्याला विचारा. बंदरं वाढवायला तुमच्याकडे हजारो कोटी आहेत, सल्लागार परदेशातून येतात, त्यांच्या ‘नावीन्यपूर्ण’ कल्पनांना पुरावा लागत नाही. कोळ्याच्या माळ्यावर झालेली गोष्ट तेवढी अपारंपरिक.

मला मान्यता नको, अनुदान नको, शाल-श्रीफळ तर मुळीच नको. नापास करा, पण परीक्षा घेऊन करा. आकडे माझ्या विरुद्ध गेले तर मी पेटी भंगारात घालीन आणि तसं याच जागी लिहीन.

परवाच्या ओहोटीला बरणी घासून पुन्हा भरली आहे. सोमवारी अकरा वाजता घेऊन येतो. या वेळी झाकणावरची चिठ्ठी मी लिहिली आहे: ‘ओतू नये.’

आपला,
एक निवृत्त रेडिओ ऑफिसर, कोळीवाडा