दिवा नऊ वेळा लुकलुकत होता आणि तुम्ही जॉयस्टिक बदललीत

दिनांक : ६ नोव्हेंबर २०२५
लालबाग, मुंबई ४०० ०१२

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख,
मुंबई शाखा

विषय : विजेवर चालणाऱ्या व्हीलचेअरची चुकीची दुरुस्ती, त्यापोटी घेतलेले १६,४०० रुपये आणि नाकारलेली वॉरंटी

महोदय / महोदया,

३० ऑक्टोबरला तुमचा ईमेल आला. ग्राहकाने खुर्ची स्वतः उघडली, सबब वॉरंटी संपली, एवढाच मजकूर. मी २० सप्टेंबरला दोन पानी पत्र फोटोंसकट पाठवलं होतं, त्याचं हे चाळीस दिवसांनी आलेलं उत्तर. ते पत्र कोणी वाचलेलं दिसत नाही, म्हणून सगळं पुन्हा लिहितो. या वेळी हे पत्र स्पीड पोस्टानेही पाठवत आहे.

माझं वय ५३. लहानपणी पोलिओ झाला, दोन्ही पाय गेले. तीस वर्षं हाताने फिरवायची तीनचाकी सायकल चालवली आणि त्यात दोन्ही खांदे कामातून गेले, तेव्हा डॉक्टरांनी हातांना विश्रांती द्यायला सांगितली. साठवलेले पैसे आणि बहिणीने दिलेले थोडे, असे जमवून ९ जानेवारी २०२५ रोजी तुमची खुर्ची १,१८,००० रुपयांना घेतली. खुर्चीला एक वर्ष आणि बॅटऱ्यांना सहा महिने वॉरंटी. पूर्वी टेलिफोन बूथ म्हणून मिळालेला माझा स्टॉल घरापासून सातआठ मिनिटांवर आहे. आता तिथे पाण्याच्या बाटल्या, बिस्किटं, वेफर्स, मोबाईलची रिचार्ज असं चालतं. खुर्ची चालली तर स्टॉल उघडतो, नाहीतर कुलूप.

पहिले सहा महिने खुर्चीबद्दल एक शब्द वाकडा बोलायला जागा नव्हती, हेही लिहून ठेवतो.

२१ जुलैला संध्याकाळी घरी येताना गतिरोधकावरून उतरलो आणि खुर्ची जागच्या जागी थांबली. मागे टेम्पो, हॉर्नवर हॉर्न. जॉयस्टिकच्या पट्टीवरचे दिवे लुकलुकायला लागले. दोन पोरांनी मागचे दोन्ही लिव्हर फ्रीवर टाकले, म्हणजे चाकं मोटर आणि ब्रेकपासून सोडवली, आणि मला ढकलत घरी आणलं. बॅटऱ्यांसकट ही खुर्ची ६० किलोच्या वर आहे आणि वर मी. पोरांना घाम फुटला.

घरी आल्यावर शांतपणे मोजलं. दिवे नऊ वेळा लुकलुकतात, थांबतात, पुन्हा नऊ वेळा. पुस्तिका इंग्रजीत आहे. भाच्याने वाचून सांगितलं की मागच्या तक्त्यात नऊ म्हणजे ब्रेक. त्याच तक्त्यात बॅटरीसाठी वेगळा आकडा आहे, जॉयस्टिकसाठी सात आहे. म्हणजे खुर्ची स्वतःच्या तोंडाने सांगत होती की माझं काय दुखतंय.

२२ तारखेला हेल्पलाइनवर पहिल्यांदा जी मुलगी बोलली तिने मात्र बरोबर प्रश्न विचारले. चार्जर लावलेला राहिला नाही ना, कारण तो लावलेला असला की खुर्ची मुद्दामच चालत नाही. दोन्ही लिव्हर नीट बसलेत ना. चालू करताना जॉयस्टिकवर हात तर नव्हता, कारण ती मधोमध नसेल तर कंट्रोलर, म्हणजे खुर्चीचा इलेक्ट्रॉनिक मेंदू, खुर्ची हलू देत नाही. मी सगळं तपासलं, तिला 'नऊ' सांगितलं. तिने लिहून घेतलं. त्यानंतर तिच्याशी पुन्हा गाठ पडली नाही आणि पुढच्या एकाही माणसाने तो आकडा विचारला नाही. 'व्हिडिओ पाठवा' म्हणाले, पाठवला. 'बंद करून चालू करा' म्हणाले, तेही केलं. चालू व्हायची, खोलीत गोल फिरायची, आणि उंबऱ्याच्या धक्क्याने पुन्हा नऊ.

४ ऑगस्टला तंत्रज्ञ आला. त्याच्या पिशवीत दोन स्क्रूड्रायव्हर, एक पाना आणि चिकटपट्टी. मीटर नव्हता. खोलीतल्या गुळगुळीत लादीवर खुर्ची चालली, तेव्हा तो म्हणाला, 'काका, पावसाचं पाणी जॉयस्टिकमध्ये गेलंय.' पाणी गेलं की वॉरंटी लागत नाही, हे वाक्य त्याला तोंडपाठ होतं. मी दाखवलं की जॉयस्टिकखालचं रबर कुठेही फाटलेलं नाही आणि पावसात मी वरून प्लॅस्टिकची पिशवी रबरबँडने बांधतो. त्याने ऐकून घेतलं आणि ११ ऑगस्टला नवी जॉयस्टिक बसवून १६,४०० रुपये घेतले, व्हिजिटचे ८०० वेगळे. जुनी जॉयस्टिक मागितली तर 'कंपनीत जमा करावी लागते' म्हणून घेऊन गेला. तिच्यात खरंच पाणी होतं का, हे आता मला कसं कळणार?

त्या दिवशी आणखी एक गोष्ट झाली आणि ती मला पैशांपेक्षा जास्त लागली. काम करताना त्याने दोन्ही लिव्हर फ्रीवर टाकले होते. जाताना उजवा परत लावला, डावा तसाच ठेवला. मला वाकून मागे बघता येत नाही. माझ्या दाराबाहेर लगेच सिमेंटचा उतार आहे. मी जॉयस्टिक पुढे केली, उजवं चाक ओढायला लागलं, डाव्याला ना जोर ना ब्रेक. खुर्ची उतारावर गर्रकन फिरली, पायठेवणी भिंतीवर आपटली आणि माझा गुडघा सोलला. समोरच्या खोलीतली बाई धावत येऊन हँडलला लोंबकळली म्हणून पुढचं टळलं. तुमच्या माणसाला जाऊन पाच मिनिटंसुद्धा झाली नव्हती. हे मी फोनवर सांगितलं तेव्हा 'नोट केलंय सर' एवढं उत्तर मिळालं.

नवी जॉयस्टिक नऊ दिवस टिकली. त्यातही १८ आणि १९ ऑगस्टला मुंबईत जो पाऊस कोसळला, मोनोरेल मध्येच अडकली, ते दोन्ही दिवस मी आणि खुर्ची घरात, कोरडे. २० तारखेला सकाळी निघालो, त्याच गतिरोधकावर तेच नऊ. आता यातलं पाणी कुठून आलं ते तुम्हीच सांगा.

२५ ऑगस्टला तोच तंत्रज्ञ पुन्हा आला. या वेळी निदान बदललं : बॅटऱ्या गेल्या, जोडीचे २६,००० रुपये. बॅटऱ्यांची सहा महिन्यांची वॉरंटी जुलैत संपली होती, हा योगायोग मी समजून घेतला. वर एक सल्लाही दिला, की महिन्यातून एकदा बॅटरी पूर्ण उतरवायची आणि मग चार्ज करायची. या खुर्चीत १२ व्होल्टच्या दोन लेड ॲसिड बॅटऱ्या आहेत. त्या पूर्ण उतरवून ठेवल्या की आतल्या पट्ट्यांवर सल्फेट धरतं, ते कडक होत जातं आणि बॅटरीची ताकद कायमची कमी होते. रोज रात्री चार्ज करा, असं तुमचीच पुस्तिका सांगते. आमच्या नाक्यावरचा टॅक्सींच्या बॅटऱ्या करणारा माणूस हा सल्ला ऐकून हसला.

दोन दिवसांनी गणपती बसले. लालबागला स्टॉल असलेल्या माणसाला २७ ऑगस्ट ते ६ सप्टेंबर हे अकरा दिवस म्हणजे काय, हे मुंबईतल्या कंपनीला समजावून सांगायला नको. दिवसरात्र रांगा, पाण्याच्या बाटल्या पुरत नाहीत. भाचा मंडळाच्या कामातून वेळ काढून मला काही दिवस ढकलत नेऊन सोडायचा, पण परत न्यायला तो गर्दीतून येईपर्यंत मध्यरात्र व्हायची. बाकीचे दिवस मी खोलीत बसून बाहेरचे ढोल ऐकले.

विसर्जनानंतर भाच्याने लॅमिंग्टन रोडवरून ४५० रुपयांचा मल्टिमीटर आणला. रात्रभर चार्ज केलेल्या बॅटऱ्या सकाळी चार्जर काढल्यावर दोन तासांनी मोजल्या, जोडीचे २५.५ व्होल्ट. पण गेलेली बॅटरीसुद्धा नुसती उभी असताना बरा आकडा दाखवते आणि ओझं पडलं की कोसळते, म्हणून भाच्याने तारा क्लिपांनी बॅटरीला लावल्या, मीटर हातात धरला आणि मी उतार चढत असताना शेजारून चालला. समोरच्या मावशींना वाटलं खुर्चीला सलाईन लावलंय. आकडा २४.४ च्या खाली गेला नाही. बॅटऱ्या ठणठणीत होत्या. २६,००० वाचले ते या ४५० रुपयांमुळे.

मग १४ सप्टेंबरला, रविवारी, मागचं प्लॅस्टिकचं झाकण काढलं. ते हाताने फिरवायच्या दोन स्क्रूंवर आहे आणि बॅटरीची टोकं बघण्यासाठी ते काढावं, असं पुस्तिकेत चित्रासकट दिलं आहे. तुम्ही ज्याला 'खुर्ची उघडणं' म्हणता ते एवढंच. सील, स्टिकर, कंट्रोलरचा डबा, कशालाही हात लावलेला नाही.

प्रत्येक मोटरकडून एक प्लग कंट्रोलरकडे येतो. त्यात दोन जाड तारा मोटरच्या आणि दोन बारीक तारा ब्रेकच्या. हा ब्रेक स्प्रिंगने कायम लागलेला असतो. जॉयस्टिक ढकलली की कंट्रोलर त्याच्या कॉइलला वीज देतो, 'टक्' असा आवाज होतो आणि ब्रेक सुटतो. कॉइलपर्यंतची तार जोडलेली नाही असं कंट्रोलरला दिसलं, तर तो खुर्ची हलूच देत नाही, आणि ते बरोबरच आहे. डाव्या प्लगमधल्या एका बारीक तारेची पिन हिरवी पडली होती. तांब्याचं भांडं न घासता ठेवलं की पडतं तशी. बोटाने तार जरा हलवली की मीटरवरचं वाचन जायचं, सोडली की यायचं. खोलीतल्या लादीवर चालणारी खुर्ची गतिरोधकावर का थांबते, याचं उत्तर तिथे होतं. कॉन्टॅक्ट क्लीनरचा १८० रुपयांचा स्प्रे मारला, पिन चिमट्याने जरा घट्ट केली, प्लग दाबून बसवला. त्या दिवसापासून आज सहा नोव्हेंबरपर्यंत दिवा एकदाही लुकलुकलेला नाही.

जखम मांडीला आणि मलम शेंडीला, असं आमच्याकडे म्हणतात. तुम्ही शेंडीच्या मलमाचं बिल लावलंत आणि मांडी मी स्वतः बांधली, तर आता म्हणता हात का लावला.

माझं म्हणणं असं. जॉयस्टिकचे १६,४०० आणि व्हिजिटचे ८०० परत करा, कारण तो भाग बिघडलेलाच नव्हता. तुमचं म्हणणं वेगळं असेल तर माझी जुनी जॉयस्टिक आणि तिचा तपासणी अहवाल माझ्यासमोर ठेवा. डाव्या मोटरचा प्लग आणि तार वॉरंटीत बदलून द्या. मी केलेला इलाज तात्पुरता आहे, मुंबईच्या खाऱ्या हवेत ती पिन पुन्हा हिरवी पडणार. उजवीकडचा प्लगही त्याच वेळी उघडून बघा. वॉरंटी रद्द केल्याचा ईमेल मागे घेतल्याचं लेखी कळवा, माझी मुदत ८ जानेवारीपर्यंत आहे. एकूण ४७ दिवस खुर्ची भरवशाची नव्हती. भाच्याने ढकलत नेलेले नऊ सोडले तर ३८ दिवस स्टॉल बंद होता. रोजची निव्वळ कमाई साधारण ६०० धरली तर २२,८०० होतात. गणपतीतला जास्तीचा धंदा मी यात धरलेला नाही. आणि ते लुकलुकण्याचे आकडे मराठीत छापून एक स्टिकर खुर्चीच्या हाताखाली चिकटवा. दहा ओळींचं काम आहे. रस्त्यात अडकलेल्या माणसाला पुस्तिका कुठून मिळणार?

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे मी राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी लागत नाही, एवढी माहिती मी काढून ठेवली आहे. सोबत खरेदीचं बिल, जॉयस्टिकची पावती, २६,००० चं कोटेशन, मीटरच्या आकड्यांचे आणि हिरव्या पिनेचे फोटो आणि तुमच्या हेल्पलाइनला केलेल्या सतरा फोनच्या तारखा जोडल्या आहेत.

तार बदलायला माणूस पाठवाल तेव्हा दुपारी दीड ते तीनच्या दरम्यान पाठवा, त्या वेळात मी घरी असतो. त्याच्याकडे मीटर नसेल तर माझा आहे. जाताना दोन्ही लिव्हर मात्र त्याने माझ्यासमोर लावायचे.

आपला,
बिलावर नाव असलेला ग्राहक