अंगठ्यात नखी नीट बसवून दिल्याबद्दल

सोलापूर

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

हवाईयन गिटार शिकवणारे बहुतेक जण डाव्या हातातल्या स्टीलच्या कांडीबद्दल भरभरून बोलतात. उजव्या अंगठ्यातली नखी, म्हणजे थंबपिक, नुसती ‘घाला’ म्हणतात. ती घालायची कशी, हे तुम्ही बसून दाखवलंत. त्यासाठी तुमचे मनापासून आभार.

जाड तारांवरच्या खरखरीचं कारण तुम्ही सांगेपर्यंत आम्ही हातालाच दोष देत होतो. या तारांवर बारीक तारेचे वेढे असतात. नखीचं पातं, म्हणजे तारेला लागणारा चपटा भाग, तिरकं लागलं की त्याची कड वेढ्यांवरून घासत जाते. पातं तारेला समांतर, सपाट लागलं की खरखर जाते. त्यासाठी नखीची पट्टी नखाच्या मुळाशी, पेराच्या सांध्याच्या अलीकडे हवी आणि पातं अंगठ्याच्या मांसापुढे ५-६ मिलिमीटरच हवं. जास्त असेल तर तारेखाली अडकतं. कमी असेल तर कातडीच तारेला लागते आणि सूर बद्द येतो.

पट्टी सैल किंवा घट्ट असेल तर वाफा निघणाऱ्या पाण्यात अर्धा मिनिट धरायची, अंगठ्याएवढ्या जाड पेनाभोवती दाबायची आणि तशीच गार पाण्यात बुडवायची. मेणबत्तीवर किंवा गॅसवर मुळीच धरायची नाही, कारण नखीचं सेल्युलॉइड प्लास्टिक भसकन पेट घेतं. पात्याची कड आधी ४०० आणि मग १००० नंबरच्या पॉलिशपेपरने गोल करायची आणि शेवटी जीन्सच्या कापडावर घासायची. बारीक तारांवरचा ‘टक्’ आवाज या शेवटच्या घासण्याने किती कमी होतो, हे ऐकल्याशिवाय पटत नाही.

सोलापूरचं हवामानही तुम्ही हिशेबात धरलंत. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत सकाळच्या थंडीत अंगठा आकसतो आणि नखी फिरते. मे महिन्यात दुपारी अंगठा सुजल्यासारखा होतो आणि तीच नखी रुतते. म्हणून प्रत्येकाकडे दोन नख्या असाव्यात, एक कसलेली आणि एक जरा मोकळी. घामाने घसरत असेल तर पट्टीच्या आतून कापडी चिकटपट्टीचा नखाएवढा तुकडा लावायचा. नखी स्कूटरच्या डिकीत उन्हात ठेवायची नाही, पट्टी पसरते.

आता वाजवण्याचं. गिटार मांडीवर असते तेव्हा सगळ्यात जाड तार पोटाकडे येते. अंगठा पोटापासून पुढे ढकलतो आणि तर्जनी, मधलं बोट आत ओढतात. सतारीच्या मिजराबीची, म्हणजे तर्जनीत घालायच्या तारेच्या नखीची, सवय असलेल्यांना अंगठ्याची ही दिशा सुरुवातीला उलटी वाटते. जोर मनगटातून नको, अंगठ्याच्या मुळाच्या सांध्यातून हवा. अंगठा बोटांच्या डावीकडे, कांडीच्या बाजूला थोडा पुढे असला की अंगठ्यातली आणि बोटांतल्या नख्या एकमेकींवर आपटत नाहीत.

टेकवून वाजवण्याचा तुमचा धडा आमच्या मते सगळ्यात मोलाचा. बारीक तारेकडून मोजलेली चौथी तार छेडली की अंगठा तिसरीवर जाऊन थांबतो. त्याने तिसरी आपोआप गप्प होते आणि पुढच्या सुराला हात तयार असतो. तारा सी-सिक्स्थ नावाच्या पद्धतीने सुरात लावल्या की याची गरज फार असते. जाडीकडून बारीककडे सी, ई, जी, ए, सी, ई, म्हणजेच सा ग प ध सा ग. भूप रागाचे रे सोडून सगळे सूर यात आले. तुम्ही म्हणालात, “अरे, भूप तर लावूनच ठेवलाय, फक्त रे शोधा,” आणि सा च्या तारेवर दुसऱ्या पडद्याच्या रेषेवर कांडी ठेवलीत. पण मोकळ्या तारा इतक्या सुरेल असल्यामुळेच न थांबवलेला ध पुढच्या प मध्ये मिसळतो आणि भूप गढूळ होतो. म्हणून मिनिटाला ६० मात्रांच्या लयीवर, मात्रेला एकच सूर, दहा मिनिटं फक्त अंगठा. मात्रेला दोन सूर, अंगठा-तर्जनी, हे सगळं त्यानंतर.

तुम्ही तासून दिलेली पांढरी नखी आम्ही पेटीत वेगळी ठेवली आहे. नवीन कुणी आलं की आधी ती अंगठ्यात घालायला देतो, चौथी तार छेडायला सांगतो आणि मग त्याची स्वतःची नखी गरम पाण्यात टाकतो.

तुमचे,
रविवारच्या बैठकीतले सगळे