मुंबई बघायला निघालेल्या सईस

सांगली

चि. सई हिस अनेक आशीर्वाद.

तुझी यादी वाचली. गेटवे, जुहू, सिद्धिविनायक, वांद्रे हे सगळं एका दिवसात बसवू नकोस, निम्मा दिवस लोकलमध्येच जाईल. मुंबईत कोणी किलोमीटर सांगत नाही, मिनिटं सांगतात. रोज एकच पट्टा धर आणि तो पायी बघ.

महालक्ष्मी एक्स्प्रेसनं सकाळी सीएसएमटीला उतरलीस की सॅक क्लोकरूमला ठेव. कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत आणि प्रवासाचं तिकीट मागतात, म्हणून तिकीट जपून ठेव. मग सबवेनं महापालिकेच्या बाजूला जा आणि तिथून स्टेशनकडं वळून बघ. १८७८ साली काम सुरू झालं, ते जवळजवळ दहा वर्षं चाललं. फाटकाच्या एका खांबावर सिंह आहे, दुसऱ्यावर वाघ: सिंह इंग्लंडचा, वाघ हिंदुस्थानचा.

तिथून दादाभाई नौरोजी रस्त्यानं कमानींखालून चाल, ऊन लागत नाही. पंधरा-वीस मिनिटांत हुतात्मा चौक येतो. लोक फ्लोरा फाउंटनचा फोटो काढतात आणि पुढं जातात. तू शेजारच्या मशालवाल्या स्मारकापाशी थांब. संयुक्त महाराष्ट्रासाठी गोळ्या झेललेल्यांचं ते स्मारक आहे. आपल्या येडेमच्छिंद्रचे नाना पाटील त्या लढ्यात पुढं होते.

दुपारचं ऊन काळा घोड्याजवळच्या शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात काढ, दोन तास सहज जातात. ओव्हल मैदानावर मात्र चारच्या आधी जाऊ नकोस. हायकोर्ट, विद्यापीठ आणि २८० फुटी राजाबाई टॉवर मैदानाच्या पूर्वेला आहेत, त्यांची तोंडं पश्चिमेकडं. सकाळी त्यांच्यावर सावली असते. उतरतं ऊन पडलं की दगडातलं कोरीवकाम एकेक करून दिसायला लागतं. मग तिथंच पाठ फिरव. समोर १९३० च्या दशकातल्या, भराव टाकलेल्या जमिनीवरच्या इमारती. गोलाई दिलेले सज्जे, खिडक्यांवर पट्टीसारखे लांब छज्जे. मध्ये एक मैदान आणि दोन्हीकडं दोन काळ, असं दुसरीकडं कुठं बघायला मिळायचं नाही. घाईत हे सोडू नकोस.

तोवर ऑफिसं सुटलेली असतात. साडेपाच ते साडेआठ लोकलमध्ये चढूच नकोस. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बस, मग टॅक्सीनं सीएसएमटीला ये. तिकडं रिक्षा नसतातच. काळी-पिवळी मीटरनं चालते, बसायच्या आधी मीटर टाकायला सांग. मुलुंडला मावशीकडं जायला ठाण्याची स्लो घे. ती तिथूनच सुटते, बसायला मिळतं. कर्जत-कसारा फास्टमध्ये शिरू नकोस: त्यातल्या बऱ्याच मुलुंडला थांबत नाहीत, आणि थांबली तरी आतून दारापर्यंत येता येत नाही. इंडिकेटरवर एस म्हणजे स्लो, एफ म्हणजे फास्ट. उतरायच्या एक स्टेशन आधी पुढं सरक, प्लॅटफॉर्म कुठल्या बाजूला येणार ते शेजारणीला विचार. पूर्व की पश्चिम हेही आधी विचारून घे, चुकीकडं उतरलीस तर पुन्हा पूल चढावा लागतो.

दुसरा दिवस गिरगावला दे. सकाळी साडेदहानंतर निघ, दादरला वेस्टर्नची स्लो पकड, चर्नी रोडला उतर. खोताची वाडी बघ, पण ती नांदती घरं आहेत, विचारल्याशिवाय फोटो नको. जवळच केशवजी नाईक चाळ, तिथला सार्वजनिक गणपती १८९३ पासूनचा. मग चौपाटीवर लोकमान्यांचा पुतळा. १९२० साली त्यांना अग्नी दिला ती जागा. पुढं मणिभवन, म्हणजे गांधीजी मुंबईत राहायचे ते घर, आणि ऑगस्ट क्रांती मैदान. ८ ऑगस्ट १९४२ ला इथं 'छोडो भारत'चा ठराव झाला आणि त्याच्या पाठोपाठ आपल्या कुंडलकडं प्रतिसरकार, म्हणजे इंग्रजांना न जुमानणारं लोकांचं सरकार, उभं राहिलं. परतीला ग्रँट रोड स्टेशन जवळ पडतं.

घारापुरीला सोमवारी जाऊ नकोस, लेणी बंद असतात. रविवारी शहर मोकळं मिळतं, पण मेगाब्लॉक असतो. कुठली लाइन बंद आहे ते शनिवारी रात्रीच बघून ठेव.

तुझे
बाबा