जाहिरातीत पलंग, विमानात खुर्ची

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

लांब पल्ल्याच्या विमानप्रवासातील 'बिझनेस क्लास'च्या पानभर जाहिराती अलीकडे मराठी दैनिकांतही दिसू लागल्या आहेत. त्यांत जेवणाचे ताट क्वचित असते; बहुतेकींत पांढऱ्याशुभ्र पांघरुणात पाय ताणून झोपलेला प्रवासी असतो. कंपनी या वर्गात मुख्यतः झोप विकते आणि घेणाराही तीच विकत घेतो. हा पलंग विमानात उघडलाच नाही, तर प्रवाशाला कायद्याने नेमके काय मिळते, हा प्रश्न मला गेल्या डिसेंबरात स्वतःच्या अनुभवातून पडला. त्याचे उत्तर शोधताना जे हाती लागले ते आपल्या वाचकांच्या उपयोगी पडेल, असे वाटल्याने हे पत्र लिहीत आहे.

आमचा मुलगा लंडनजवळ राहतो. पत्नीच्या कमरेच्या मणक्याची शस्त्रक्रिया झालेली असल्याने सलग नऊ-दहा तास बसून प्रवास करू नये, असे डॉक्टरांनी बजावले होते. एरवी आम्ही दोघेही मागच्या वर्गात गुडघे दुमडून जाणारी माणसे. परंतु या खेपेस मुदत ठेव मोडून मुंबई-लंडन-मुंबई अशी बिझनेस क्लासची दोन तिकिटे काढली. दोघांचे मिळून पाच लाख साठ हजार रुपये झाले. इकॉनॉमीने हाच प्रवास दीड लाखाच्या आसपास झाला असता. म्हणजे चार लाखांहून अधिक रक्कम आम्ही मोजली ती साडेसहा फूट लांबीच्या सपाट जागेसाठी. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही. तक्रार अद्याप चालू आहे, आणि माझा मुद्दा एका कंपनीपुरता नाही.

पहाटे अडीचच्या सुमारास विमान उडाले. पट्टे सोडण्याची खूण झाल्यावर आजूबाजूची आसने एकामागून एक घरघरत आडवी होऊ लागली आणि कर्मचारी त्यांवर पातळ गाद्या अंथरू लागले. पत्नीच्या आसनाने मात्र पाठ चार बोटे मागे घेतली आणि ते तिथेच थांबले. हवाई सेविकेने आसनाचा वीजपुरवठा बंद करून काही मिनिटांनी पुन्हा सुरू केला; मग ती बिचारी मार्गिकेत गुडघ्यांवर बसून, तोंडात छोटी बॅटरी धरून, आसनाखालचा हाताने ओढायचा पट्टा खेचत राहिली. पाय टेकायची फळी तेवढी वर आली, पाठ हलली नाही. शेवटी मुख्य कर्मचारी आल्या आणि त्यांनी फार प्रामाणिकपणे सांगितले, "सर, आधीच्या फेरीतही हे सीट नोंदवहीत लिहिले होते." केबिन भरलेली होती, दुसरे आसन रिकामे नव्हते. पत्नीला मी माझ्या जागी निजवले आणि उरलेले आठ तास त्या खुर्चीत काढले. मला मणक्याचा त्रास नाही, त्यामुळे माझे काही बिघडले नाही. पण एकटी प्रवास करणारी एखादी वृद्ध बाई तिथे असती, तर तिने कोणाशी जागा बदलली असती?

'आधीच्या फेरीतही' हे शब्द मला महत्त्वाचे वाटतात. बिघाड अचानक झाला असता, तर मी हे पत्र लिहिले नसते. या आसनांत पाठ, बैठक आणि पायाची फळी हलवणाऱ्या वेगवेगळ्या मोटारी असतात, त्यांना चालवणारे नियंत्रक असते, आणि त्यावर रोज कोणी ना कोणी चहा सांडतो. यंत्र म्हटले की ते बंद पडणारच. मात्र बंद पडल्याची नोंद झालेली असताना ते आसन पुढच्या प्रवाशाला पूर्ण भावाने देणे आणि चेक-इनच्या वेळी त्याबद्दल एक शब्दही न काढणे, ही यंत्राची चूक नव्हे.

यावर कंपन्यांकडून तांत्रिक उत्तर मिळते, आणि ते खोटेही नाही. विमानातील कोणती वस्तू नादुरुस्त असताना उड्डाण करता येते, याची मान्यताप्राप्त यादी प्रत्येक विमानासाठी असते. आसनाची पाठ ताठ स्थितीत पक्की राहत असेल, तर ते मागे झुकत नाही एवढ्या कारणावरून विमान थांबवले जात नाही. सुरक्षिततेच्या दृष्टीने हे योग्यच आहे, कारण उड्डाण आणि अवतरण या दोन्ही वेळी पाठ ताठच असावी लागते. पण ही यादी विमान उडण्यास योग्य आहे की नाही एवढेच सांगते. विकलेला माल ग्राहकाला मिळाला की नाही, हे ठरवणे तिचे काम नाही. आमच्या तक्रारीला आलेल्या उत्तरात या दोन गोष्टींची गल्लत केलेली होती: 'आसन सुरक्षिततेच्या निकषांनुसार वापरण्यायोग्य होते', असे लिहून कंपनीने दिलगिरी व्यक्त केली आणि 'सदिच्छा म्हणून' पंधरा हजार रुपयांचे कूपन पाठवले. ते एका वर्षात, त्याच कंपनीच्या प्रवासासाठी, मूळ भाड्यापुरतेच वापरता येईल, अशी तळटीप होती. चाळीस वर्षे बँकेच्या नोकरीत तळटिपा वाचल्यामुळे ती माझ्या नजरेतून सुटली नाही.

आता नियम काय सांगतो ते पाहू. प्रवाशाला त्याच्या इच्छेविरुद्ध खालच्या वर्गात बसवल्यास काय द्यावे, याची तरतूद नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, आपल्या नियमावलीत केली आणि ती १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू झाली. देशांतर्गत प्रवासात करांसह तिकिटाच्या किमतीच्या ७५ टक्के रक्कम परत मिळते. आंतरराष्ट्रीय प्रवासात १,५०० किलोमीटरपर्यंत ३० टक्के, १,५०० ते ३,५०० किलोमीटरपर्यंत ५० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के. मुंबई-लंडन अंतर सात हजार किलोमीटरहून अधिक असल्याने तिथे सर्वांत वरचा दर लागतो. अंतराचे हे टप्पे आणि टक्केवारी युरोपीय संघाच्या २००४ सालच्या २६१ क्रमांकाच्या नियमाशी जुळणारी आहे. डिसेंबर २०२२ मध्ये डीजीसीएने जो प्रस्ताव मांडला होता, तो याहून उदार होता: करांसह पूर्ण रक्कम परत आणि खालच्या वर्गातला प्रवास मोफत. दोन महिन्यांत तो पंचाहत्तर टक्क्यांवर का आला, हे प्रवाशांना कोणी समजावून सांगितल्याचे माझ्या वाचनात नाही. असो.

आमची अडचण वेगळीच होती. वर्ग बदलल्याचे बोर्डिंग पासवर दिसत नाही. पत्नीच्या पासवर बिझनेस क्लासच छापलेले होते, गरम टॉवेल मिळाला, चिनी मातीच्या थाळीत जेवण मिळाले. कागदोपत्री ती वरच्याच वर्गात होती. तिच्या पदरात पडली ती मात्र एक रुंद खुर्ची. पंचाहत्तर टक्के या दराने एका बाजूच्या एक लाख चाळीस हजारांपैकी एक लाख पाच हजार रुपये परत मिळाले असते. गंमत अशी, की त्याच आसनाच्या नादुरुस्तीमुळे कंपनीने तिला उचलून मागे इकॉनॉमीत बसवले असते, तर ही रक्कम मागण्याचा तिचा हक्क निर्विवाद ठरला असता. आहे तिथेच ताठ बसवून ठेवल्याने पंधरा हजारांच्या कूपनावर तिची बोळवण झाली. म्हणजे जो नियम प्रवाशाच्या रक्षणासाठी केला, त्यानेच बिघडलेले आसन रिकामे ठेवण्यापेक्षा त्यावर कोणाला तरी बसवणे कंपनीच्या फायद्याचे करून ठेवले आहे.

डीजीसीएला ही बाब ठाऊक नाही, असेही नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये एका भारतीय विमान कंपनीला दहा लाख रुपयांचा दंड झाला. त्यामागच्या कारणांत आंतरराष्ट्रीय प्रवासात बिझनेस क्लासच्या प्रवाशांना नादुरुस्त आसनांवर बसवूनही भरपाई दिली नाही, हे एक कारण स्पष्टपणे नमूद होते. म्हणजे अशा प्रवाशाला भरपाई मिळायला हवी, हे नियामकाला तत्त्वतः मान्य आहे. दंडाची रक्कम मात्र सरकारी तिजोरीत जाते, प्रवाशाच्या खात्यात नाही. आणि भरपाई किती, कशाच्या प्रमाणात, किती दिवसांत, हे नियमाच्या शब्दांत उतरत नाही तोवर प्रत्येक प्रवाशाला कंपनीच्या 'सदिच्छे'वरच अवलंबून राहावे लागेल.

ग्राहक आयोगाचा रस्ता आहे, आणि तो अगदीच निष्फळ नाही. सिंगापूरमार्गे ऑस्ट्रेलियाला गेलेल्या एका दांपत्याच्या बिझनेस क्लासच्या आसनांची पाठ आपोआप मागे जात नव्हती. कंपनीने त्यांना प्रत्येकी दहा हजार 'माइल्स', म्हणजे पुढच्या प्रवासात वापरता येणारे बक्षीस-गुण, देऊ केले, ते त्यांनी नाकारले. हैदराबादच्या जिल्हा ग्राहक आयोगाने २०२४ मध्ये प्रत्येकी ४८,७५० रुपये व्याजासह परत करण्याचा आणि मनस्तापापोटी वेगळी रक्कम देण्याचा आदेश दिला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तक्रारदाराला आपल्या राहत्या जिल्ह्यातच दाद मागता येते, त्यामुळे नाशिकच्या माणसाला कंपनीच्या मुख्यालयाच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. पण दहा तासांच्या झोपेसाठी वर्षभर तारखा मोजण्याची चिकाटी किती जणांत असते?

'बिझनेस क्लासवाल्यांची ही श्रीमंती रडगाणी' असे काही वाचक म्हणतील, आणि इतर बातम्यांच्या शेजारी हे पत्र वाचताना मलाही तसे वाटण्याची शक्यता आहे. तरीही त्या केबिनमध्ये कोण बसलेले असते, हे पाहावे. कंपनीच्या खर्चाने जाणारे अधिकारी असतात, हे खरेच. पण मुलांकडे निघालेले साठी-सत्तरीतले आईवडील, गुडघा किंवा मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर प्रवास करणारे आणि पायांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असल्याने पाय वर ठेवून झोपण्याचा सल्ला मिळालेलेही त्याच रांगांत असतात. त्यांच्यासाठी पलंग ही चैन नव्हे. शिवाय लांब पल्ल्याच्या उड्डाणांचे गणित किती प्रमाणात या प्रवाशांवर उभे आहे, हे सिंगापूर-न्यूयॉर्क या मार्गाकडे पाहिले तरी कळते. २०१८ मध्ये तिथे थेट सेवा पुन्हा सुरू झाली ती ६७ बिझनेस आणि ९४ प्रीमियम इकॉनॉमी आसनांच्या विमानाने; साधी इकॉनॉमी त्यात ठेवलीच नाही.

सरकारलाही हा फरक चांगला समजतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून इकॉनॉमीव्यतिरिक्त सर्व वर्गांच्या तिकिटांवरील वस्तू व सेवा कर १२ वरून १८ टक्के झाला. इकॉनॉमीवर तो ५ टक्केच आहे. कर घेताना आसनाचा दर्जा बारकाईने पाहिला जातो. मग तो दर्जा न मिळाल्यावर त्याकडे तितक्याच बारकाईने पाहावे, ही अपेक्षा अवाजवी नसावी.

म्हणून नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने आणि डीजीसीएने नियमात एक छोटी दुरुस्ती करावी, अशी आपल्या दैनिकामार्फत विनंती आहे. जे आसन सपाट होणारे म्हणून विकले गेले, ते तसे होत नसल्यास तो प्रवास खालच्या वर्गातला समजावा आणि परताव्याचा तोच दर लावावा. ही रक्कम कूपन किंवा 'माइल्स'च्या रूपात नव्हे, तर ज्या खात्यातून पैसे गेले तिथेच जमा व्हावी. आसन नादुरुस्त असल्याची नोंद आधीच झालेली असेल, तर चेक-इनपूर्वी प्रवाशाला कळवणे बंधनकारक व्हावे, म्हणजे तारीख बदलायची, कमी दरात तेच आसन घ्यायचे की पैसे परत घ्यायचे, हे त्याला ठरवता येईल. नोंदवही कंपनीकडे असतेच, तिच्यातली एक ओळ चेक-इनच्या पडद्यावर दिसेल अशी व्यवस्था करणे अवघड असू नये.

तोवर प्रवाशांनी स्वतःची काळजी घ्यावी. विमानात शिरल्यावर सामान वर ठेवण्याआधी आसन पूर्ण आडवे करून पाहावे, कारण दारे बंद होण्यापूर्वी एखादे रिकामे आसन मिळण्याची निदान शक्यता असते. बिघाड आढळल्यास मोबाइलवर चित्रफीत घ्यावी आणि कर्मचाऱ्यांना तो नोंदवहीत लिहायला सांगून नोंदीची वेळ टिपून घ्यावी. 'पूर्ण व अंतिम तडजोड' अशा मजकुराखाली कोणतेही कूपन स्वीकारू नये. मी हे सारे परतीच्या प्रवासात केले. हीथ्रोवर पत्नीचे आसन आम्ही दोनदा आडवे-उभे करून पाहिले तेव्हा शेजारचे गृहस्थ चमत्कारिक नजरेने पाहत होते. मुंबई येईपर्यंत ती सात तास झोपली, नाश्त्यालाही उठली नाही.

कूपन मी वापरलेले नाही. सरकारच्या 'एअरसेवा' या संकेतस्थळावर तक्रार दाखल केली आहे. तिथे समाधान न झाल्यास नाशिकच्या ग्राहक आयोगात जाण्याची कागदपत्रे तयार ठेवली आहेत.

आपला नम्र,
एक निवृत्त बँक अधिकारी, नाशिक